सोशल सायकॉलॉजीत करिअर करायचंय म्हणून करिअर कौन्सेलिंगला गेले, त्याचा रिव्ह्यू (पाचात तीन)

सेंटरचं नाव लिहीत नाही, माणसं चांगली आहेत. मी टीवायबीए सायकॉलॉजीला, पुण्यात. पुढे सोशल सायकॉलॉजी करायचंय म्हटलं की घरी सगळे गप्प होतात, म्हणून बाबा म्हणाले एकदा कुणाला तरी विचारून येऊ.

टेस्ट ठीक होती. जॉन हॉलंडची सहा प्रकारांची इंटरेस्ट टेस्ट, माझं इन्व्हेस्टिगेटिव्ह आणि सोशल वर आलं, पटलं. फक्त यात आवड कळते, जमेल का ते कळत नाही, आणि हे कुणीतरी पालकांना आधीच सांगायला पाहिजे.

आता रिपोर्ट. जाडजूड, स्पायरल बाइंडिंग, रंगीत ग्राफ. आत काय तर "तुम्ही वरून शांत दिसता पण आतून सतत विचार चालू असतो". बाबा प्रत्येक वाक्याला अगदी बरोबर अगदी बरोबर करत होते आणि मला फोरर आठवून हसू आवरेना. बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने 1948 मध्ये वर्गातल्या 39 जणांची पर्सनॅलिटी टेस्ट घेतली आणि नंतर सगळ्यांना एकच मजकूर दिला, तोही राशिभविष्याच्या पुस्तकातून उचललेला, तरी पोरांनी अचूकतेला 5 पैकी सरासरी 4.26 मार्क दिले! मी घरी येऊन रिपोर्टातला एक पॅरा मैत्रिणीला "हा तुझा" म्हणून वाचून दाखवला, ती म्हणाली अय्या सेम टू सेम. या पानांचे पैसे वेगळे घेतात बरं का. रिसेप्शनवर बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता सांगणारी डीएमआयटी पण गळ्यात मारायला बघतात, तिला शास्त्रीय आधार काही नाही, सरळ नाही म्हणा.

सेशनवाल्या मॅडम मात्र आवडल्या. आधी म्हणाल्या, "सोशल म्हणजे तुला एमएसडब्ल्यू करायचंय का बेटा?" (म्हणजे समाजकार्याची डिग्री, वेगळंच क्षेत्र). मग मी त्यांना 1934 च्या बिहारच्या भूकंपाचं सांगितलं. जिथे धक्का जाणवला पण पडझड झाली नाही तिथल्या लोकांत याहून मोठं संकट येणार अशा अफवा पसरल्या, जमुना प्रसादांनी त्या गोळा करून अभ्यास केला, पुढे लिऑन फेस्टिंगर हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ याच अफवांवर अडला, की आधीच घाबरलेली माणसं स्वतःला अजून घाबरवणारं का पसरवतील, तर आपली भीती उगाच नाही हे स्वतःला पटवायला, आणि त्यातून त्याची 1957 ची कॉग्निटिव्ह डिसोनन्सची थिअरी (मनातल्या दोन गोष्टी जुळत नसल्या की माणूस त्या कशातरी जुळवून घेतो) उभी राहिली. मला नेमकं हे करायचंय, माणूस एकटा असताना नाही तर चारचौघांत कसा वागतो ते. मॅडमनी वहीत लिहून घेतलं, तिसरा स्टार त्याचा.

पण माहिती कच्ची. आरसीआयचं (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) रजिस्ट्रेशन लागेल म्हणाल्या, ते क्लिनिकलवाल्यांना, शिकवायला किंवा रिसर्चला लागत नाही. रस्ता असा की एमए (बऱ्याच ठिकाणी स्पेशलायझेशन क्लिनिकल, कौन्सेलिंग, इंडस्ट्रियल एवढंच मिळतं, सोशलचा नुसता पेपर), ओपनला 55 टक्के हवेत, मग नेट किंवा सेट (प्राध्यापकीसाठीच्या पात्रता परीक्षा), मग आपल्या विषयाचा गाइड शोधून पीएचडी. बाबांचा एकच प्रश्न, पैसे किती. मॅडमना सांगता आलं नाही, मीच सांगितलं, जेआरएफ (नेटमधून मिळणारी रिसर्चची फेलोशिप) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000. बाबा पहिल्यांदा सरळ बसले. युनिव्हर्सिटीबाहेर कंझ्युमर रिसर्च, यूएक्स रिसर्च (लोक अ‍ॅप-वेबसाइट कशी वापरतात त्याचा अभ्यास), सरकारी योजनांसाठी बिहेवियर चेंजची कामं असतात, 2018-19 च्या इकॉनॉमिक सर्व्हेत तर नजवर (सक्ती न करता लोकांना हलकेच योग्य निवडीकडे वळवणं) अख्खं प्रकरण होतं, पण मॅडमच्या यादीत शेवटी एचआरच.

आणि एक वाईट बातमी पण सांगायला हवी होती. 2015 मध्ये सायकॉलॉजीचे 100 अभ्यास पुन्हा करून बघितले, त्यात सोशलच्या जेमतेम पाव अभ्यासांचे निकाल पुन्हा तसेच आले. मला उलट यामुळेच जास्त जावंसं वाटतं, तपासून बघायचं काम भरपूर पडलंय, पण दुसऱ्या कुणाचा विचार बदलू शकतो ना.

जायचंच असेल तर साधी टेस्ट आणि सेशन घ्या, रिपोर्टवालं पॅकेज नको. शनिवारी जाऊ नका, दहावीच्या पोरांची आणि त्यांच्या आयांची गर्दी असते.