सुरुवातीला सेशन फुकट द्यायचं की फी घ्यायची?
रत्नागिरीत लाइफ कोचिंग सुरू करताय तर पहिला प्रश्न हाच पडतो. फुकटचा फायदा एकच पण मोठा, सराव होतो, बोलायची भीती जाते आणि गप्प बसून ऐकायची सवय लागते, तीच खरी अवघड. पण फुकट म्हटलं की माणूस वेळ पाळत नाही, "आज आंबे उतरवायचेत, उद्या बघू" असं होतं आणि मग आपल्यालाच वाटायला लागतं की आपल्यात काही दम नाय.

फी घेतली, अगदी 300 रुपये का होईना, की समोरचा ठरलेलं काम करून येतो. शिवाय आयसीएफ म्हणजे इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन या कोच लोकांच्या जागतिक संस्थेचं एसीसी हे पहिल्या पायरीचं सर्टिफिकेट हवं असेल तर किमान 8 क्लायंटबरोबर 100 तास कोचिंग लागतं, त्यातले 75 तास पैसे घेऊन केलेले, म्हणजे नुसत्या फुकटावर भागत नाही.

मी तर म्हणेन 4-5 जणांना फुकट द्या, तेही 3च सेशन असं आधीच सांगून, मग फी सांगा. गणपतीत चाकरमानी येतात ना, त्यांच्याशी बोला, ते मुंबईला परत गेले तरी फोनवर सेशन चालू राहतं. आणि कोणी फारच खचलेला वाटला तर फीचा विचार न करता मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवा.