'क्रियापद सुचवा' की 'वर्णन ऐका'?

मेंदूच्या शस्त्रक्रियेआधी भाषेचा गोलार्ध, म्हणजे भाषा मेंदूच्या डाव्या अर्ध्यात आहे की उजव्या, हे एफएमआरआयवर (काम करताना मेंदूचा कोणता भाग सक्रिय होतो ते दाखवणाऱ्या स्कॅनवर) पाहायचं ठरलं, की रुग्णाला कोणता टास्क लावायचा हा प्रश्न येतोच. मी दोन्ही वापरलेत.

क्रियापदाच्या टास्कला तयारी कमी. नाम दाखवायचं, रुग्णाने मनातल्या मनात क्रियापद शोधायचं. ब्रोका क्षेत्र, म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागातलं बोलण्याचं केंद्र, छान उजळतं. गाठ फ्रंटल (पुढच्या) भागात असेल तर आजही मी आधी हाच लावतो.

माझं अडलं ते मराठीपाशी. आमची यादी इंग्रजीवरून उतरवलेली होती. बाहेर मोठ्याने सराव घेताना एक मावशी भराभर सांगत गेल्या: आंघोळ? करणे. स्वयंपाक? करणे. फोन? करणे. एकही उत्तर चूक नाही, पण शब्द शोधायची गरजच पडली नाही, आणि आपल्याला मोजायचा असतो तो शोध. नामं बदलली, तर विळी, कात्री, कुऱ्हाड सगळ्यांना 'कापणे'. हाक, उडी, झाडू सगळ्यांना 'मारणे'. शिवाय स्कॅनरमध्ये सारं मुक्याने चालतं. ३० सेकंदांच्या एका फेरीत शोध चाललाय की डुलकी, हे बाहेर बसून कळत नाही.

वर्णनाच्या टास्कमध्ये हेडफोनवर 'धान्य दळून देतात ती जागा, गिरणी' असं ऐकू येतं. जोडी बरोबर असेल तर बटण दाबायचं. मध्ये मध्ये उलटं वाजवलेलं बोलणं ठेवावं लागतं, कारण नुसत्या आवाजानेही दोन्ही बाजू उजळतात आणि तेवढं वजा करायचं असतं. रेकॉर्डिंगला वेळ जातो, यंत्राच्या खडखडाटात एखादं वाक्य बुडतंही. पण रुग्ण काम करतोय की नाही, हे बटण सांगतं. टेम्पोरल (कानशिलाजवळचा) भागही चांगला दिसतो. अपस्माराच्या शस्त्रक्रियेत बहुतेकदा तोच भाग पणाला लागलेला असतो. वाचता न येणाऱ्यांनाही हा टास्क जमतो.

एका डावखुऱ्या रुग्णाचा लॅटरॅलिटी इंडेक्स (भाषा कोणत्या बाजूला किती झुकली आहे ते सांगणारा आकडा; शून्याजवळ म्हणजे दोन्हीकडे सारखी) क्रियापदांवर ०.२ च्या आतच घुटमळला, म्हणजे 'दोन्हीकडे'. वर्णनावर तोच स्वच्छ डावीकडे गेला. एका माणसावरून नियम करू नये. फ्रंटल आणि टेम्पोरल भागांची बाजू खरोखर वेगळी असू शकते, आणि थ्रेशोल्ड (किती उजळलं तर मोजायचं ती मर्यादा) हलवला की आकडाही हलतो. तरी वेळ एकाच टास्कपुरता असेल, तर मी वर्णनाचा घेईन. दोन्ही लावले आणि उत्तरं जुळली नाहीत, तर सरासरी काढू नका. वाडा चाचणीबद्दल (मेंदूचा एकेक गोलार्ध औषधाने थोडा वेळ झोपवून भाषा तपासतात ती) सर्जनशी बोला.