स्वतःचं नाव की टोपणनाव? गोव्यात बसून स्वतःबद्दल लिहिणाऱ्यांसाठी

स्वतःच्या आयुष्याबद्दल मराठीत लिहायला बसलेल्या गोव्यातल्या माणसाची पहिली अडचण म्हणजे वर नाव कोणतं घालायचं. मोठ्या शहरात वाचणारा बहुधा अनोळखी असतो, त्यामुळे हा प्रश्न तितका बोचत नाही. इथं डिचोलीत लिहिलेलं संध्याकाळपर्यंत फोंड्याला पोचतं, आणि मजकूर वाचायच्या आधीच कोणीतरी विचारतं, 'हो कोणालो?', म्हणजे हा कोणाचा?

टोपणनावाची बाजू आधी घेऊ. मराठीत त्याला मान आहे. गडकऱ्यांनी नाटकं स्वतःच्या नावानं लिहिली, कविता गोविंदाग्रज होऊन आणि विनोद बाळकराम होऊन. आपल्या शेजारच्या कुडाळकडचे खानोलकर कवितेपुरते आरती प्रभू झाले. यात लपवाछपवी कमी, प्रत्येक नावाला वेगळा सूर लावणं जास्त. लपण्याची खरी गरज होती ती बाळूताई खरे यांना. शिकलेल्या, अविवाहित मुलींच्या मनातलं १९३३ मध्ये विभावरी शिरूरकर या नावानं छापून आलं आणि एकच गदारोळ उठला. ते नाव आड नसतं तर तेवढं मोकळं लिहिणं त्या काळात कोणत्या बाईला परवडलं असतं?

पण गोव्यात टोपणनावाची किंमत तपशिलात मोजावी लागते. समजा, चवथीच्या आदल्या दिवसाचा प्रसंग आहे. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची चौकट, बांधणं चाललंय. थोरले काका शिडीवर, एका हातात कवंडळाचं रानफळ, दुसऱ्या हातात सुंभ. खाली धाकटे काका सुपारीचं शिपटं, म्हणजे घड, धरून उभे. ते वर देता देता विचारतात, 'इन्व्हेंटरीच्या कागदार तूं सही करतलो न्हय?' (इन्व्हेंटरी म्हणजे वारशाच्या वाटणीची इथली कोर्टातली प्रक्रिया.) वरून उत्तर येतं, 'आधीं हें बांदूंया.' मग आरतीला दोघं शेजारी उभे, पण एकमेकांकडे बघत नाहीत. हे जसंच्या तसं छापलं की वाड्यावरचं शेंबडं पोरही सांगेल घर कोणाचं ते. म्हणून लिहिणारा आधी इन्व्हेंटरी काढतो, मग शिपटं, मग शिडी. शेवटी उरतं काय, तर 'सणाच्या दिवशी दोन भावांत मालमत्तेवरून कुरबुर झाली.' हे वाक्य कोणीही लिहील. टोपणनावानं लिखाण धीट होतं म्हणतात. इथं पुष्कळदा ते पुळचट झालेलं मी वाचलंय.

स्वतःच्या नावानं लिहिलं तर शिडी, शिपटं शाबूत राहतं, जीभ मात्र आवरावी लागते. त्यात आपला गोव्याचा नागरी कायदा. लग्नाआधी वेगळा करार नसेल तर संपत्ती नवरा-बायकोची सामाईक धरतात, म्हणून वडिलोपार्जित घर विकताना भावंडांबरोबर सुना-जावयांच्याही सह्या लागतात. ज्या वहिनीचा स्वभाव तुम्ही रंगवून रंगवून लिहाल, तिच्याच सहीसाठी उद्या तिच्या दारात उभं राहायचं आहे. (हसू नका, हे इथल्या बहुतेक घरांना लागू आहे.) लक्ष्मीबाई टिळकांनी नवऱ्याचा तापटपणा आणि स्वतःची फजिती दोन्ही स्वतःच्या नावानं लिहिलं, आणि तरी त्यात विखार नाही, कारण त्या आधी स्वतःला हसतात. मात्र त्यांचे पती रेव्हरंड टिळक गेले १९१९ मध्ये आणि आत्मचरित्राचा पहिला भाग आला १९३४ मध्ये, हेही ध्यानात ठेवा.

टोपणनाव घेतलं की कायद्यातून सुटलो, असं समजणारेही भेटतात. बदनामीचं कलम, म्हणजे आता भारतीय न्याय संहितेतलं ३५६, खऱ्या नावाला आणि टोपणनावाला सारखंच लागू. फौजदारीत 'पण हे खरं आहे' एवढ्यानं भागत नाही. ते सांगणं लोकहिताचंही असावं लागतं. सरकारी नोकरीत असाल तर १९६४ च्या केंद्रीय वर्तणूक नियमांतला नववा नियम वाचून ठेवा. सरकारवर टीका नाव घालून, निनावी किंवा टोपणनावानं, तिन्ही वाटांनी बंद आहे. निव्वळ साहित्यिक लेखनाला आडकाठी नाही.

मग निवडायचं कसं? आठवणी, खाणं, बालपण, जत्रा, प्रवास, गेलेली माणसं यांवर लिहिणार असाल तर डोळे मिटून स्वतःचं नाव घाला. इथं टोपणनाव म्हणजे उगाच नखरा. स्वतःचा आजार, मोडलेला संसार, नोकरीतला जाच असं काही असेल तर टोपणनाव घ्या, पण मग गाव बदलू नका, नाती बदला. काकाचा मामा करा, भावाचा मित्र करा. माटोळी तशीच राहू द्या. लग्न झालेल्या बाईला माहेरचं नाव हा मधला मार्ग आहे. सासरी पटकन कळत नाही, माहेरी मात्र त्याच दिवशी कळतं. आणि घर-जमिनीची केस चालू असेल तर दोन्ही नावं बाजूला ठेवा, लिहून कपाटात टाका.

टोपणनाव पुढं कधीही उघड करता येतं. कॉपीराइटचा हिशेबही त्याप्रमाणे बदलतो. खऱ्या नावानं लिहिलेल्यावर लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, टोपणनावाच्या लेखनावर प्रकाशनापासून ६० वर्षं. ती मुदत संपायच्या आत खरं नाव जाहीर केलं तर पहिला हिशेब लागू. नातवंडांच्या हाती त्यातून किती पैसे पडतील, ते प्रकाशकाला विचारा.