पिल्लासाठी थेट चार फुटी घर: काही महिन्यांच्या वापरानंतर

बिअर्डेड ड्रॅगन या पाळीव सरड्याचं पिल्लू आणायचं म्हटलं की एक सल्ला हमखास मिळतो. आधी लहान टाकी घ्या, मोठ्या जागेत ते बावचळतं, त्याला किडे सापडत नाहीत. मी तो मानला नाही आणि १२० × ६० × ६० सेंटिमीटरचं, म्हणजे चार बाय दोन बाय दोन फुटांचं बंदिस्त घर (एन्क्लोजर) पहिल्यापासूनच घेतलं. पीव्हीसीच्या पॅनेलचं, पुढे सरकत्या काचा. आज पुन्हा घ्यायची वेळ आली तरी हेच घेईन. तक्रारी आहेत, त्याही सांगते.

अंड्यातून बाहेर पडताना हा प्राणी जेमतेम दहा सेंटिमीटर असतो आणि वर्ष-दीड वर्षात शेपटीसकट ४५ ते ६० सेंटिमीटर होतो. म्हणजे लहान टाकी घेतली तरी मोठी टळत नाहीच. पण माझ्या दृष्टीने खरा मुद्दा उष्णतेचा. सरडा अंगाची ऊब स्वतः तयार करत नाही. तापायचं असेल तर दिव्याखाली जातो, नको झालं की सावलीत सरकतो. दोन फुटी टाकीत एक दिवा लावला की सगळीच टाकी तापते, मग त्याने सरकायचं कुठे? माझ्याकडे दिव्याखालचा दगड ४० ते ४२ अंश सेल्सिअसला असतो आणि दुसरं टोक २६-२७ला. पिल्लू दिवसभर या दोन टोकांमध्ये ये-जा करतं. काचेवर चिकटवायचे गोल तापमापक मात्र शोभेचेच. दगडासाठी इन्फ्रारेड गन आणि हवेसाठी वायरवाला डिजिटल तापमापक घ्या.

बावचळण्याचं म्हणाल, तर पिल्लू मोकळ्या, उघड्या जागेला बिचकतं. दोन्ही टोकांना लपायला जागा, मध्ये आडव्या फांद्या आणि किडे देताना चिमटा किंवा गुळगुळीत काठांचं भांडं, एवढ्यावर तो प्रश्न मिटला.

समोरून उघडणारं दार हा या घराचा सगळ्यात मोठा गुण. वरून येणारा हात म्हणजे त्याच्या लेखी घारच. समोरून, त्याच्या नजरेच्या पातळीवर हात गेला की ते पळत नाही. आता तर हातावर चढतं. तीन बाजू अपारदर्शक असल्यामुळे स्वतःचं प्रतिबिंब बघून काचेवर नखं घासत राहणंही जवळपास नाही. फक्त संध्याकाळी खोलीत अंधार आणि आत उजेड असला, की पुढच्या काचेचा आरसा होतो. खोलीतला दिवा लावला की थांबतं.

यूव्हीबीची, म्हणजे उन्हात असतात तसे अतिनील किरण देणाऱ्या दिव्याची नळी आत छताला बसवता येते, हेही महत्त्वाचं. वर जाळी असलेल्या टाकीत नळी जाळीवर ठेवली तर जाळी यूव्हीबीचा बराच भाग अडवते. खिडकीच्या काचेतून तर तो जवळजवळ येतच नाही. यूव्हीबी नाही म्हणजे डी३ जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही आणि वाढत्या पिल्लाची हाडं मऊ पडून वाकतात. टी५ची (बारीक ट्यूबलाइटसारखी) लांब नळी तापत्या बाजूकडून निम्म्या लांबीपर्यंत घेतली, म्हणजे उरलेल्या भागात सावली राहते. अंतर मोजायचं ते फांदीवर बसलेल्या पिल्लाच्या पाठीपासून. जमिनीपासून मोजलेलं कामाचं नाही. नळी उजेड देत राहते तरी यूव्हीबी कमी होत जातो, त्यामुळे कंपनीने सांगितलेल्या मुदतीत ती बदलायची.

आता तक्रारी. सरकत्या काचांच्या खाचेत पाल्याचे तुकडे आणि विष्ठेचा चुरा अडकतो, काच अडखळते. जुना टूथब्रश शेजारीच ठेवलाय. दोन काचांमधल्या फटीतून लहान रातकिडे निसटतात. रात्री घरभर किर्रर्र ऐकायची हौस नसेल तर तिथे पारदर्शक पट्टी लावा. दिवा आत असल्यामुळे त्याला तारेची जाळी हवीच, कारण पिल्लू कुठे चढेल याचा नेम नाही. आणि पीव्हीसी उष्णता धरून ठेवतं. थंडीत हा गुण, उन्हाळ्यात डोकेदुखी: थंड टोकही तिशीच्या वर जायला लागलं. दिवा मंद करणारा थर्मोस्टॅट जोडल्यावर आटोक्यात आलं. हा खर्च एन्क्लोजरच्या किमतीतच धरा.

तळाला खरखरीत फरशी आहे. पुसायला सोपी, नखंही झिजतात. पिल्लाच्या वयात वाळू नको. किड्याबरोबर पोटात जाते.

घरात आधीच एवढी मोठी काचेची टाकी असेल तर नवीन घेऊ नका. तीन बाजूंना बाहेरून कागद लावा आणि जाळीतून किती यूव्हीबी खाली पोचतो ते बघून नळी ठरवा. आणि जागा भरपूर आहे म्हणून दुसरं पिल्लू आणायचा मोह होत असेल, तर ही पिल्लं एकमेकांची बोटं आणि शेपटीची टोकं चावून तोडतात. दोन पिल्लांना दोन घरंच लागतात, टाकी कितीही मोठी असो.