नाताळची भेट: पैठणी ओढणी की हिमरू शाल?

संभाजीनगरात राहून २५ डिसेंबरला ‘तिला’ काय द्यावं, हा प्रश्न पडूच नये. पैठणी ओढणी रेशीम-जरीची. अस्सल हातमागाची असली तर मोर उलट्या बाजूनेही तितकाच नेटका दिसतो. पण ती निघणार लग्नकार्यात, एरवी कपाटात मलमलीत गुंडाळलेली. खिशालाही जडच.

हिमरू हे इथलंच जुनं विणकाम, सुती-रेशमी. नक्षीचे मोकळे धागे मागच्या बाजूला राहतात, म्हणून अंगाला मऊ लागते. पहाटेची थंडी झोंबायला लागली की गाडीवर मागे बसून ती हीच शाल गुंडाळून घेणार. माझं मत हिमरूला. फक्त हातमागाची आहे ना, विचारून घ्या. यंत्रमागाचीही त्याच नावानं विकतात. आणि तिला मोरच आवडत असतील, तर माझं ऐकू नका.