कुत्र्याचा फोटो: पडवीत की पुळणीवर?

स्वभाव टिपायचा तर आधी पडवीच. तिथे तो घरचा मालक असतो. छपराच्या कडेशी, बाहेर तोंड करून बसवा. मऊ उजेड थेट डोळ्यांत उतरतो. आपण पालथं झोपायचं, फोकस डोळ्यावर, शटर (फोटो टिपताना ते उघडं राहण्याचा वेळ) १/२५० सेकंद. सारखी हाक मारू नका, कान टवकारणं बंद होतं. म्हाताऱ्या, बुजऱ्या कुत्र्याला पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूत, नेऊच नये.

पुळण धावऱ्या कुत्र्यांची. शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान, फोकस सलग, म्हणजे कुत्र्यामागे सरकत राहणारा. उजळ वाळू कॅमेऱ्याला फसवते, काळं कुत्रं नुसता डाग दिसतं; एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) +१ करा. दुपारी वाळूने पंजे भाजतात, म्हणून सूर्यास्ताआधीचा तास गाठा. तिथे लेन्स बदलू नका. काचेवरची वाळू आधी ब्लोअरने (हवा फुंकणाऱ्या रबरी फुग्याने) उडवा, मगच पुसा. नाहीतर चरे पडतात.