लाईट बिल आणि घरपट्टी : रोख भरावी, चेकनं, की कुणाच्या हाती पाठवावी?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे गल्लोगल्ली अशी घरं आहेत : म्हातारी माणसं इथं, मुलं पुण्याला, मुंबईला किंवा बेंगळुरूला. मुलांना वाटतं, मोबाईलवरून बिल भरून टाकावं, विषय संपला. आई किंवा काका म्हणतात, नको, मी पैसे देणार आणि शिक्का मारलेली पावती घेणार. हा आग्रह मोडायच्या फंदात पडू नये, असं माझं ठाम मत आहे. स्वतःच्या घराचा खर्च स्वतःच्या हातानं चालवणं ही त्या वयात मोठी गोष्ट असते. मग ठरवायचं एवढंच राहतं की जुन्या पद्धतींपैकी कोणती निवडायची.

त्याआधी भरायचं काही आहे का, ते बघा. कर्नाटकात ऑगस्ट 2023 च्या बिलापासून गृहज्योती योजना सुरू आहे. घरगुती वापर 200 युनिटच्या आत आणि त्या मीटरला ठरवून दिलेल्या मर्यादेत असेल तर बिल शून्य येतं. ही मर्यादा योजना सुरू होण्याआधीच्या वर्षाच्या सरासरी वापरावर थोडी भर घालून ठरलेली आहे. वापर तिच्या वर गेला, पण 200 च्या आत राहिला, तर फक्त वरच्या युनिटचे पैसे लागतात. 200 ओलांडले की पूर्ण बिल. एकट्या राहणाऱ्या आईचं बिल बहुतेक महिने शून्यच असतं. पण दिवाळीला सगळे घरी आले, पाहुण्यांसाठी गिझर दिवसभर चालला, की पुढचं बिल बघून तिची झोप उडते. ते असं का आलं, हे शांतपणे समजावणं हीसुद्धा मदतच आहे.

मीटर रीडर दारात देऊन जातो ते बिल कन्नडमध्ये असतं. मराठी शाळेत शिकलेल्या, आयुष्यभर मराठीत हिशेब ठेवलेल्या माणसाला ते वाचता येत नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. एका जुन्या बिलावर मराठीत लिहून द्या : इथं आर.आर. नंबर (म्हणजे आपल्या वीज जोडणीचा क्रमांक), इथं या महिन्याचे युनिट, इथं मागची बाकी, इथं शेवटची तारीख. तो कागद मीटरजवळ चिकटवून ठेवा. पद्धत कोणतीही निवडा, हा कागद लागतोच.

काउंटरवर रोख. हेस्कॉमचं, म्हणजे इकडच्या वीज कंपनीचं काउंटर, किंवा कर्नाटक वन हे बिलं भरायचं सरकारी केंद्र. पैसे दिले, पावती घेतली, त्याच क्षणी मन मोकळं. चालता येत असेल, रिक्षा परवडत असेल, तर लाईट बिलासाठी हीच पद्धत मला सगळ्यांत चांगली वाटते. त्या निमित्तानं बाहेर पडणं होतं, चार माणसं भेटतात. त्रास रांगेचा, उन्हाचा आणि पायऱ्यांचा. म्हणून बिल हातात आलं की दोन-चार दिवसांत जावं, शेवटच्या तारखेची वाट बघू नये. सोबत जाणाऱ्यानं शेजारी उभं राहावं, पण पैसे त्यांनाच देऊ द्यावेत. पावतीवरचा नंबर मात्र तिथंच ताडून बघावा. चुकीच्या मीटरवर पैसे जमा झाले तर ते परत वळवून घेताना फार हेलपाटे पडतात.

चेक. ज्यांना रोख घेऊन फिरायची भीती वाटते आणि ज्यांची सही अजून पक्की आहे, त्यांच्यासाठी. इथं रिझर्व्ह बँकेच्या काही सूचना माहीत असाव्यात. नोव्हेंबर 2017 च्या परिपत्रकानुसार ज्येष्ठ नागरिकांच्या बचत खात्यावर मागणी केल्यास वर्षाला किमान 25 चेक मोफत मिळायला हवेत. सत्तरीच्या पुढच्यांना रोख आणणं-नेणं यांसारख्या सेवा घरपोच देण्याची सूचनाही त्यातच आहे. बँकेत हे स्पष्टपणे मागावं लागतं, आपणहून फारसं कुणी सांगत नाही. चेक तारखेपासून तीन महिनेच चालतो. क्रॉस करावा (वरच्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा), कुणाच्या नावे काढायचा ते काउंटरवर विचारून तंतोतंत लिहावं, मागच्या बाजूला आर.आर. नंबर लिहावा.

चेकची खरी अडचण थरथरत्या हाताची. सही जुळली नाही की चेक परत येतो, बँक दंड लावते, वर बिलाची मुदतही निघून जाते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर किंवा अर्धांगवायूच्या झटक्यानंतर सही बदलली असेल तर आधी बँकेत जाऊन नमुना सही नव्यानं द्या. सहीच जमत नसेल तर अंगठा चालतो, मात्र बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार लागतात आणि त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी हवा. हे बघता दर महिन्याच्या छोट्या बिलासाठी चेक मला जड वाटतो. घरपट्टीसारख्या वर्षातून एकदा येणाऱ्या मोठ्या रकमेला तो योग्य.

कुणाच्या हाती पैसे. शेजारचा मुलगा, दुकानदार, भाचा. सोय मोठी, आणि आपल्याकडे माणुसकीनं हे केलं जातंच. तरी मी ही पद्धत शेवटची ठेवेन. फसवणुकीपेक्षा विसरण्याचा धोका जास्त असतो, आणि म्हातारं माणूस संकोचानं ‘पावती कुठं आहे?’ असं विचारत नाही. पाठवायचंच असेल तर एकच माणूस ठरवा, वहीत रक्कम आणि तारीख लिहा, आणि पावतीसाठी तुम्ही स्वतः फोन करा. आईला तो अवघडलेपणा नको.

पाणीपट्टीला रोखीचाच मार्ग ठीक. गॅसचं वेगळं. पैसे सिलिंडर आणणाऱ्याला दारातच देता येतात, पण डिलिव्हरीचा कोड नोंदवलेल्या मोबाईलवर येतो. तो नंबर पुण्यातल्या मुलाचा असेल आणि मुलगा मीटिंगमध्ये असेल, तर सिलिंडर दारातून परत जाऊ शकतो. एजन्सीत जाऊन तिथं आईचा साध्या बटनांचा फोन नोंदवून घ्या.

घरपट्टीसाठी मात्र सुट्टी काढून या. कर्नाटकातल्या शहरांत एप्रिलमध्ये पूर्ण रक्कम भरली की 5 टक्के सूट मिळते, पुढे उशीर झाला की दंड चढत जातो. चलन (कर भरायचा फॉर्म) काढून घ्या, त्याला आईच्या सहीचा चेक लावा. घर खेड्यात असेल तर ग्रामपंचायतीत भरून तिथलीच पावती घ्या. ई-खाता (घराच्या मालकीची सरकारी ऑनलाइन नोंद) करताना भरलेल्या कराची पावती मागतात, म्हणून या पावत्या लाईट बिलांच्या गठ्ठ्यात न ठेवता घराच्या कागदांच्या फाईलमध्ये लावा, आणि ती फाईल कुठं आहे हे घरातल्या आणखी एकाला तरी माहीत असू द्या.